बाकामागची भिंत

"श्वास घ्या. धरा. हलू नका. हां, सोडा."

दिवसातून कितीदा तरी ही वाक्यं आमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकू यायची. आवाज भरदार, शब्द सुटे सुटे. एकदा उमेळ्याचे एक म्हातारबाबा छातीचा फोटो काढायला आले. एक्स-रे काढणाऱ्यांनी "धरा" म्हटलं आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. हे फ्यूज बघायला बाहेर. परत येऊन बघतात तर बाबा छाती फुगवून तसेच उभे, चेहरा लालबुंद.

"अहो बाबा, सोडा की!"

"तू सोड म्हणालास कुठं?" बाबा धापा टाकत म्हणाले.

तर असे हे आमचे एक्स-रेवाले. मी त्यांना दादा म्हणायचे. नाव लिहीत नाही. वसईतल्या जुन्या माणसांना खुणेवरून कळेल, आणि इतरांना नाव घेऊन करायचंय काय? ख्रिस्ती घरातले, बागायतदाराचा मुलगा, पांढरा हाफ शर्ट, सायकल, आणि रविवारचा मिस्सा कधी चुकवायचे नाहीत. मी तिथे आया होते. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण त्यांच्या एक्स-रेच्या खोलीत झालं असं म्हटलं तरी चालेल.

त्यांना "फोटो" हा शब्द मुळीच खपायचा नाही. "फोटो कसला? फोटोत उजेड अंगावर पडून परत येतो. माझे किरण अंगातून पार जातात. मागे राहते ती सावली. मी सावली धरणारा माणूस." हे ते पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या मावशांनाही सांगायचे आणि मावशा म्हणायच्या, "बरं बाबा, सावली काड. पन लवकर काड, मासली वाट बघतेय."

मला एकदा त्यांनी विचारलं, "बाय, उजेड म्हणजे काय गे?" मी म्हटलं, दिसतो तो. झालं, मला अंगणात नेलं. विहिरीचा दोर आणला, एक टोक चिकूच्या झाडाला बांधलं आणि दुसरं हातात धरून हळूच हलवलं. दोरावरून लांब लांब, आळसावलेली लाट गेली.

"ही रेडिओची. हिच्यावर बसून तुझी गाणी येतात." मग हात जरा जोरात. "ही उबेची. दिवेलागणीला पश्चिमेच्या भिंतीला हात लाव. भिंत दिसायला तशीच, पण गरम लागते ना? ती ऊबसुद्धा उजेडच आहे, तुझ्या डोळ्याला न कळणारा." आणखी जोरात. लाटा आखूड झाल्या. "हा तांबडा. हा पिवळा. हा निळा, जांभळा. आपल्याला दिसतं ते एवढंच, बोटभर. याच्यापुढचा पुन्हा दिसत नाही. मिठागरातल्या माणसांच्या पाठी काळ्या करतो तो." आणि मग हात इतका भरभर हलवला की दोर नुसता थरथरायला लागला, चिकूची दोन फळं खाली पडली. "आणि हे माझे! दोर तोच, हात तोच. फक्त घाई वेगळी. जितकी घाई जास्त, तितकं बोचणं जास्त."

घामाघूम होऊन त्यांनी दोर सोडला. म्हणाले, "फादर सांगतात, देवाने पहिल्या दिवशी उजेड केला. मी म्हणतो, सगळाच केला असणार ना! आपल्याला मेला मूठभर दिसतो आणि आपण म्हणतो, कळलं."

हे मी एवढं सविस्तर सांगतेय, कारण पुढे जे झालं ते या न दिसणाऱ्या उजेडामुळेच झालं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, आमच्याकडे नवीन मशीन आलं. मुंबईहून मेकॅनिक आला. त्याने विचारलं, तोंड कुठल्या भिंतीकडे करायचं? जुनं मशीन ज्या भिंतीकडे होतं तिला पावसात ओल यायची, म्हणून दादा म्हणाले, "या पूर्वेच्या भिंतीकडे करा." मेकॅनिकने मशीनचा खांब जमिनीत बोल्टांनी आवळला आणि गेला. छातीचा एक्स-रे काढायला माणूस त्या पूर्वेच्या भिंतीला तोंड करून उभा राहायचा.

त्या भिंतीच्या पलीकडे व्हरांडा. तिथे एक लांब सागवानी बाक, भिंतीला टेकवून ठेवलेलं. सावली गडद, खाडीचा वारा यायचा. शनिवारी गरोदर बायांची तपासणी असे, त्या सगळ्या त्या बाकावर ओळीने बसायच्या. इतर दिवशी दुपारी मी तिथे डबा खायचे. मलाही तेव्हा दिवस गेले होते.

गणपती झाले आणि दादांच्या फिल्म बिघडायला लागल्या. नवीन खोकं, एकही फिल्म न वापरलेली, तरी धुतली की सगळ्यांवर करडे पट्टे. पट्ट्यांच्या मधे काळ्या रेघा, आणि अधूनमधून पांढरे ठिपके. दादांनी मुंबईच्या दुकानदाराला कडक पत्र लिहिलं. पाकिटावर तिकीटही लावलं. मग एकाएकी शिपायाला हाक मारून विचारलं, "हे खोकं कपाटात ठेवण्याआधी कुठे होतं?"

"आठवडाभर बाकावरच की. कपाटात जागा कुठे होती?"

मी त्या वेळी बाकावर बसून केळफुलाची भाजी-भाकरी खात होते. दादा हातोडी घेऊन बाहेर आले आणि माझ्या डोक्यामागची भिंत वाजवायला लागले. ठक. ठक. ठक. आणि मग: ढब. पुन्हा ढब. त्यांनी सुरीने चुना खरवडला. आत लाकूड. कुणे एके काळी तिथे खिडकी होती. ती फळ्या ठोकून बंद केली होती आणि वरून गिलावा. करडे पट्टे म्हणजे त्या फळ्या. काळ्या रेघा म्हणजे फळ्यांमधल्या फटी. पांढरे ठिपके म्हणजे खिळे. मशीनचे किरण रुग्णाच्या आजूबाजूने सुटून, त्या फळ्यांतून आरपार, बाकावर येत होते. मे महिन्यापासून.

दादांनी माझ्याकडे बघितलं. "बाय, कितवा?"

मी लाजले. परपुरुषाने असं विचारायचे दिवस नव्हते ते. "पाचवा."

"रोज इथेच जेवतेस?"

"वारा येतो ना इथे."

 त्यांनी माझा डबा स्वतः उचलला, चिकूच्या झाडाखाली नेऊन ठेवला आणि म्हणाले, "आजपासून इथे." खिशातलं पत्र काढून त्याचे बारीक बारीक तुकडे केले.

मोठ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी टेबल पुसायच्या निमित्ताने तिथेच होते. डॉक्टर वाईट नव्हते हो. दोन माणसांचं काम एकटे करायचे. पण दमलेला माणूस आधी "नाही" म्हणतो. म्हणाले, "फिल्म जुन्या असतील. आणि एवढ्या थोड्या किरणांनी काय होतंय? कार्यकारी मंडळाची बैठक दिवाळीनंतर आहे, तेव्हा विषय काढू."

"थोडे म्हणजे किती, हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

डॉक्टर समोरचे केसपेपर चाळायला लागले.

"मग जे आपल्याला माहीत नाही ते पोटातल्या बाळाला द्यायचं नाही," दादा म्हणाले आणि निघाले.

त्यांनी आधी बाक उचलून मागे ठेवलं. बायका जमिनीवर बसायला लागल्या. गार फरशी, वारा, त्या कशाला हलतात? मग दादांनी दुसरा कायदा काढला. बटण दाबायच्या आधी ते दार उघडून बाहेर यायचे आणि ओरडायचे, "उठा! चिकूखाली!" सगळा व्हरांडा उठायचा, पोटं सावरत अंगणात जायचा, आतून "श्वास घ्या, धरा" ऐकू यायचं, आणि पुन्हा सगळा लवाजमा परत. पाच मिनिटांनी पुढचा रुग्ण. "उठा! चिकूखाली!" एकही बाई मागे राहिली तर बटणाला हात नाही लावायचे. आतला रुग्ण उघडा ताटकळतोय, तरी नाही.

पाचूबंदरची एक कोळीण होती, तिसरं बाळंतपण, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "काय दादा, सकालपासून सात येला उठवलंस. पोर पोटातच चालाया शिकंल!"

बायका हसायच्या, पण दोघी-तिघींनी तक्रार केली. डॉक्टरांनी दादांना बोलावलं. "गरोदर बायकांकडून कवायत करून घेता? पुरावा आहे काही?"

"आठ दिवस द्या," दादा म्हणाले.

बाहेर येऊन माझ्यापुढे हात केला. "चावी दे."

माझ्याकडे चादरींच्या कपाटाची चावी असायची, चांगली वीतभर लोखंडी. त्यांनी व्हरांड्यातल्या भिंतीला माझी चावी चिकटवली, तिच्यावर काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म चिकटवली, वरून पट्टी मारली. आठ दिवस कपाट बंद. मेट्रन बाई माझ्या नावाने शंख करत होत्या. मी आपली शेजारच्या वॉर्डातून चादरी मागून आणत होते.

नवव्या दिवशी दादांनी मला अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे फक्त एक लाल दिवा. मी विचारलं, उजेडाने फिल्म खराब होते, मग हा दिवा कसा चालतो? म्हणाले, "तांबडा गरीब असतो गे. फिल्मला बोचायचं बळ त्याच्यात नाही. इथे निळा दिवा लावला तर सगळं गेलं." त्यांनी फिल्म तबकातल्या पाण्यासारख्या औषधात सोडली. आम्ही दोघं वाकून बघत होतो. आधी काहीच नाही. मग कडा, जिथे किरण लागले होते तिथे, काळवंडायला लागल्या. आणि मधे, हळूहळू, धुक्यातून यावी तशी, माझी चावी. तिचे दाते, कडी, सगळं पांढरं.

माझा हात आपोआप पोटावर गेला. दादांनी ते पाहिलं आणि मान फिरवली. म्हणाले, "मशीनचं तोंड मीच इकडे करायला लावलं. ओल नको म्हणून."

डॉक्टरांनी ती फिल्म खिडकीशी धरून खूप वेळ बघितली. ताबडतोब मुंबईला शिशाच्या पत्र्यासाठी लिहिलं. उत्तर आलं, पत्रा यायला तीन महिने लागतील.

"तीन महिन्यांत किती शनिवार येतात?" दादा मला म्हणाले. मी मोजायला लागले तर म्हणाले, "मोजू नको. एकही येता कामा नये."

त्या शनिवारी त्यांनी ती फिल्म व्हरांड्यात दोरीला टांगली आणि बायकांना सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. ती कोळीण उठली, फिल्मजवळ गेली.

"ही किरनं भिंतीच्या आरपार आली?"

"हो."

"आनि मधी आमी बसलेलो?"

"हो."

भिंतीजवळ बसलेल्या बायका उठून पुढे सरकल्या.

"मंग याला अडवतं काय?"

"शिसं. पण मुंबईहून पत्रा यायला तीन महिने..."

"शिसं?" ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरे मेल्या, शिसं पायजे ते आदी नाय बोलायचं? आमच्या घरा जाल्याला काय सोनं लावतात? शिसंच लावतात!"

सोमवारी पाचूबंदरहून टोपल्या आल्या. जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवतात, त्या. फाटक्या, टाकून दिलेल्या जाळ्यांच्या सगळ्या गोळ्या बायकांनी काढून आणल्या होत्या. पुढचे कितीतरी दिवस एक्स-रेच्या खोलीला सुक्या बोंबलांचा वास येत होता.

स्वयंपाकघरामागे मोठी लोखंडी कढई चढली. एक कल्हईवाला मदतीला आला. दादांनी आम्हा पोटुशींना पार फाटकापर्यंत हाकललं. "शिशाचा धूर वाईट. किरणांतून वाचवायचं आणि धुरात घालायचं की काय!" आम्ही लांबून बघत होतो. ते वितळलेलं शिसं कोरड्या वाळूच्या साच्यात ओतत होते, शाळेतल्या पाटीएवढे पत्रे करत होते. सलग दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पत्रे फळ्यांवर ठोकले, एकाला एक अगदी चिकटवून. पुन्हा फिल्म, पुन्हा माझी चावी, पुन्हा मेट्रनचा शंख.

या वेळी फिल्मवर चावी दिसत नव्हती. पण बारीक काळ्या रेघांची जाळी होती. पत्र्यांच्या सांध्यांतून उजेड शिरला होता.

कल्हईवाला म्हणाला, "एवढीशी रेघ तर आहे. जाऊ द्या."

दादांनी उत्तर दिलं नाही. पक्कड घेतली आणि सगळे पत्रे उपटून काढले. मग मला म्हणाले, "बाय, तुझ्या घरावर कौलं कशी घातलीत?"

"एकावर एक चढवून."

"का?"

"पाणी शिरू नये म्हणून."

"मग मला कसं सुचलं नाही?" पुन्हा कढई चढली. पुन्हा टोपल्या आल्या, कारण कौलांसारखे चढवायचे तर शिसं जास्त लागणार. या मधल्या काळातही "उठा! चिकूखाली!" चालूच होतं.

तिसरी फिल्म धुतली तेव्हा तबकात नुसती निळसर, स्वच्छ काचेसारखी फिल्म तरंगत होती. चावी नाही, रेघ नाही, ठिपका नाही. दादा तिला उलटसुलट करून बघत राहिले. काहीच नसलेल्या गोष्टीकडे इतकं प्रेमाने बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाक परत भिंतीला लागलं. पण बायका बसेनात. तेव्हा मोठे डॉक्टर आले, गळ्यातला स्टेथोस्कोप काढून बाजूला ठेवला आणि स्वतः बाकाच्या मधोमध बसले. आत ओरडून म्हणाले, "चालू करा तुमचं!" दादांनी लागोपाठ पाच रुग्ण घेतले. डॉक्टर पाचही वेळा तिथेच.

तुम्ही म्हणाल, संपलं. इतरांच्या दृष्टीने संपलंच होतं. दादांच्या दृष्टीने आता कुठे सुरू झालं होतं.

त्यांनी बाळंतपणाच्या रजिस्टरमधून मे महिन्यापासून शनिवारी आलेल्या सगळ्या बायांची नावं एका वहीत उतरवून घेतली. दर रविवारी मिस्सा झाला की सायकल काढायची आणि एकेक घर. मूल जन्मलं असेल तर बघायचं, नसेल तर कधी होणार ते विचारायचं. मी म्हटलं, "दादा, वजन बघायला आलो म्हणून सांगा. खरं सांगाल तर लोक घाबरतील."

"घाबरू देत. ओरडू देत. चूक माझी आहे, ती मी दारात उभा राहून सांगणार."

आणि तसंच सांगायचे. एका घरात सासूने दार लावून घेतलं. दादा बाहेर ओट्यावर दुपारपर्यंत बसले. शेवटी सुनेनेच बाळ आणून मांडीवर दिलं.

माझी मुलगी माघात झाली. तिसऱ्या दिवशी हे हजर. दुपटं उघडायला लावलं, हाताची बोटं मोजली, पायाची मोजली. "वीस," म्हणाले. मग, "थांब, परत मोजतो."

माझ्या सासूबाई आमच्या केळीच्या बागेत आयुष्य काढलेल्या. त्या म्हणाल्या, "अहो, मुलगी आहे, केळ्यांचा घड नव्हे!"

दादा हसले नाहीत. परत मोजली, मग हसले.

एका गावात मात्र वेगळंच झालं. बाळाच्या उजव्या हाताला सहा बोटं. नंतर मला सांगत होते, "बाय, पुन्हा मोजली, तिसऱ्यांदा मोजली, सहाच." बाळाची आजी त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग स्वतःचा हात त्यांच्यापुढे धरला. तिलाही सहा. "माझ्या बापालाही होती. तुझ्या मशीनला एवढा मान नको देऊ."

वहीतल्या नावांपुढे एकेक करून फुली पडत गेली. सगळी मुलं सुखरूप होती. एक नाव उरलं.

सुमन. रजिस्टरमध्ये एवढंच, आडनाव नाही. पत्ता, नालासोपारा, स्टेशनजवळची नवी चाळ. मला ती अंधुक आठवते. घाटावरची असावी. हिरव्या बांगड्या, पहिलटकरीण, आणि "उठा" म्हटलं की इतर जडावलेल्या बायांना हात देऊन उठवणारी. दादा गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, बाळंतपणाला गावी गेली. दोन महिन्यांनी गेले तर खोली दुसऱ्यांना दिलेली. नवरा कुठल्याशा कारखान्यात होता, तोही गेला. गाव कुठलं, कुणाला ठाऊक नाही.

मग दर रविवारी नालासोपारा. रेशनच्या दुकानात, गिरणीत, चाळीच्या नळावर विचारायचे. मी किती वर्षांनी कोण जाणे, म्हटलं, "दादा, पुरे झालं आता."

"एकच तर राहिली आहे," ते म्हणाले.

दरवर्षी त्यांचा प्रश्न बदलायचा. आधी विचारायचे, तान्हं बाळ असलेली सुमन. मग, बालवाडीतलं मूल असलेली. मग मला म्हणायचे, "यंदा चौथीत गेलं असेल ते." "यंदा सातवीत." तिकडे चाळी पडून इमारती उठल्या, शेतांतून रस्ते गेले, यांना ओळखीचं दारही राहिलं नाही. तरी सायकल जायचीच. निवृत्त झाले, गुडघे दुखायला लागले, तेव्हा सायकल हातात धरून चालत जायचे.

दहावीच्या वर्षी गेले. म्हणजे ते मूल दहावीत असायला हवं होतं त्या वर्षी. चार दिवसांचं दुखणं. मातीला मी गेले होते. महिन्याने त्यांच्या घरून ती वही माझ्याकडे आली, का ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझेही गुडघे गेले आता. नालासोपाऱ्यात मी कुठल्या दारावर थाप मारणार? म्हणून हे लिहायला बसले. ते मूल पन्नाशीला आलं असेल. ज्यांच्या आईचं नाव सुमन, जी बाळंतपणाआधी काही महिने नालासोपाऱ्याला राहिली आणि एखाद्या शनिवारी वसईला तपासणीला येऊन एका लांब बाकावर बसली, त्यांना एवढंच सांगायचं आहे: एक माणूस बारा-पंधरा वर्षं दर रविवारी तुम्हाला शोधत होता. तुम्ही बरे आहात ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. वहीत तुमच्या आईच्या नावापुढची जागा मी अजून कोरी ठेवली आहे.